पेजेची बाटली

संग्रामपूरच्या बाजारात एका अडत्यानं माझ्या ज्वारीच्या पोत्यात दाणे काढून पाहायची परखी खुपसली, सोंडकिडे बाहेर काढले आणि चारचौघांत म्हणाला, "याच्या ज्वारीतच किडा पैदा होते." ती जुनी रिकामी पोती त्यानंच मला विकली होती. किडा पोत्यांतून आला, पण बाजारात नाव माझं गेलं.

माझ्या धान्याच्या दुकानासमोर कडुनिंबाखाली एक म्हातारा रोज बसायचा. मांडीवर मेणानं बंद केलेली काचेची बाटली, आत उकळलेली पेज. नाडी पाहावी तसं तो काचेवर बोट ठेवून असायचा. पापणी क्वचितच लवायची.

एकदा मी चिडून विचारलं, "बाबाजी, काय पाहून राह्यले?"

"पहिले लोक म्हणत, चिखलात बेडूक अन् दाण्यात किडा आपोआप होते. मंग शास्त्रज्ञायनं रस्सा उकळून बाटलीत बंद केला. त्यात काहीच झालं नाही. किडा बाहेरूनच येते, असं ठरलं."

मला हेच हवं होतं. "मंग तुम्ही काऊन बसले?"

"ते लवकर उठून गेले," तो म्हणाला.

अडत्याच्या नाकासमोर धरायला मी बाटलीचा भाव विचारला. म्हाताऱ्यानं ती तशीच माझ्या हातात दिली. "फक्त पाहत राहा." त्यानंतर तो दिसला नाही.

बाटली आता माझ्या गल्ल्याशेजारी असते. पेज अजून जशीच्या तशी आहे. अडत्याचं दुकान समोरच आहे, तरी मी गेलेलो नाही. नेमकं त्याच्यासमोर आत काही हललं तर? रोज सकाळी काचेवर बोट ठेवतो. हल्ली ती कोमट लागते.