पंगतीखालची टाकी

आमच्या संडासाची टाकी माझ्या नवऱ्याने पुरली, तीही मुलीच्या लग्नासाठी. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलं आहे, आणि दर वेळी ते शेजारी बसून पेपर वाचत असल्याचं सोंग करतात. करू देत.

भामरागडकडे जाताना नदी ओलांडली की आमचं गाव लागतं. नवरा वनखात्यातून निवृत्त झाला आणि जिथे नोकरीची बरीच वर्षं गेली तिथेच आम्ही घर बांधलं. मागे नाला आणि त्याला लागून सागाचं जंगल, बाजूला विहीर. विहिरीपासून लांब हवी म्हणून टाकी खणली ती पुढच्या अंगणात, फाटक आणि ओसरीच्या मधोमध. वर सिमेंटची दोन चौकोनी झाकणं, प्रत्येकाला लोखंडी कडी. मी सडा घालताना ती झाकणं सोडून द्यायची, रांगोळीही बाजूला काढायची. बाकी माझं आणि टाकीचं काही भांडण नव्हतं.

काही वर्षांनी एकदा आलापल्लीकडून मैला उपसणारी गाडी बोलवायची, तीही उन्हाळ्यातच. पावसाळ्यात नदी पुलावर चढली की गाडी सोडा, माणूसही इकडे येत नाही. गाडीवाला जाड पाइप टाकीत सोडायचा, यंत्र घरघरायला लागायचं आणि शेजारणी नाकाला पदर लावून का होईना, बघायला यायच्याच. तो टाकी कधी पूर्ण कोरडी करायचा नाही, तळाशी थोडा गाळ राहू द्यायचा. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाला, "विरजण ठेवा लागते बाई. नाईतर पुढचं कुजत नाई." त्यानंतर बरेच दिवस मला दही लावताना तो आठवायचा. दही काही गोड लागायचं नाही.

मग मुलीचं लग्न ठरलं. मांडव आमच्याच दारी पडणार होता. वऱ्हाड यायचं होतं ब्रह्मपुरीकडून, आणि तिकडची माणसं चोखंदळ म्हणून आम्ही आधीच धास्तावलेले. मंडपवाल्याने अंगण मोजलं, पंगती कुठून कुठे बसतील ते दाखवलं, आणि नवऱ्याचा चेहरा उतरला. वरपक्षाची मानाची पंगत बरोबर त्या दोन झाकणांवर येत होती.

"इवायाच्या मांडीखाली कडी येईन," ते व्याह्यांबद्दल म्हणाले. "त्यानं इचारलं का हे काय आहे, तर काय सांगू?"

"सांगा का संडासाची टाकी आहे. त्याच्या घरी काय नसन का?"

"तुले समजत नाई."

मला समजत होतं, पण माझं ऐकतं कोण? दोन दिवस मी माहेरी आमंत्रणं द्यायला गेले आणि परत आले तर सगळ्या अंगणाला गुळगुळीत कोबा. झाकणं गायब, कड्या गायब. गवंडी कडेला रेघ ओढत बसला होता. मी ओरडले, की आता उपसायची कशी? तर म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे. मग फोडून टाकू."

लग्न झालं. हळदीला मुलीला अंगणात पाटावर बसवून न्हाऊ घातलं, त्याचं पाणी कोब्यावर वाळलं आणि एक पिवळट डाग तिथे राहून गेला. पुढे कितीही घासलं तरी तो पूर्ण गेला नाही. उन्हाळा आला. मी म्हटलं, फोडा. ते सब्बल, म्हणजे पहार, घेऊन गेले, त्या डागाजवळ उभे राहिले आणि सब्बल परत आणून ठेवली. "पुढच्या उन्हाळ्यात पाहू," म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यातही तेच. पोरगी सासरी गेल्यावर हा माणूस त्या डागाशी बोलत असेल असा मला संशय आहे.

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे विचारायचंही नसतं. दिवस भरायला अवकाश असतानाच ती आली, आणि तिला पोचवायला तिची सासू आली. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. या ईनबाई उंच, कमी बोलणाऱ्या आणि इस्त्रीचं लुगडं नेसणाऱ्या. ओटी भरून लगेच परत जायचं असं ठरवून आल्या होत्या. ओटी भरली, त्यांची पिशवीही भरली, आणि पाऊस लागला.

तो लागला तो थांबेचना. पूल बुडाला, एसटी बंद झाली, मग वीज गेली आणि तिच्यामागे फोनची रेंज. छपराच्या टिनावर सतत आवाज. लहानशा घरात चार माणसं, दोरीवर न वाळणारे कपडे, आणि सगळे एकमेकांशी भयंकर गोड बोलतात. ईनबाई रोज सकाळी पिशवी भरायच्या आणि संध्याकाळी तिच्यातलं लुगडं पुन्हा बाहेर काढायच्या. नवरा छत्री घेऊन नदी बघून यायचा आणि आम्ही न विचारताच मान हलवायचा. मला घराच्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटायला लागल्या होत्या. कोणाशी भांडावं तर तेही पाहुण्यांदेखत जमत नव्हतं.

त्यातच संडास भरून वर आला. आधी पाणी हळूहळू जायचं, मग गुडगुड आवाज, मग एका सकाळी पाणी गेलंच नाही, उलट चढलं. टाकी भरलेली आणि जमीन पाणी पिऊन फुगलेली. जाणार कुठे? नवऱ्याने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ईनबाईले काई सांगू नको. पाइपात पाला अडकला म्हण."

"आणि जायचं कुठी?"

"नाल्याकडं. उजेडात."

नाल्याकडे त्या दिवसांत अस्वल दिसलं होतं. तरी आम्ही उजेडात, दोघी दोघी, हातात काठी घेऊन जायला लागलो. त्या वयात विहिणीबरोबर झुडपाआड जाणं काय असतं ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. ईनबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचा मला अस्सा राग यायचा! वाटायचं, एकदा काय ते म्हणून टाका.

पण मुलगी? तिला तो चिखलाचा उतार उतरणं शक्य नव्हतं, बसून उठणं तर नाहीच. ती म्हणायची, "आई, माझं होते गं. घरातच सकाळी पाणी थोडं उतरते तवा जाऊन येतो मी." मी विश्वास ठेवला. घरात एवढं ओझं होतं की एक तरी गोष्ट आपोआप होते आहे असं मला मानायचंच होतं.

तिच्या उशाशी मी रोज तांब्याभर पाणी भरून ठेवायची. एका संध्याकाळी तो बदलायला उचलला तर काठोकाठ भरलेला. सकाळी जसा ठेवला तसाच. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले, पाय मात्र सुजलेले. भाकरीही तिने अर्धी खाऊन पदराखाली लपवली होती. लहानपणी औषधाची गोळी लपवायची ना, तशी.

"पाणी काऊन नाई पेत?"

तिने पदर ओठांवर ओढला. मग हळूच म्हणाली, "पेलं का जा लागते."

"मग सांगायचं नाई?"

"बाबाची फजिती होईन आई. सासूबाई इथी आहेत."

मी तशीच उठले. गावातल्या नर्सबाईंना घेऊन आले. त्या गुडघाभर पाण्यातून आल्या, दाब तपासला, पोटाला हात लावून बराच वेळ बसून राहिल्या. मग मला ओसरीवर घेऊन गेल्या. "हिला पाणी पाजा. आत्तापासून. दवाखाना नदीपलीकडे आहे आणि नदी कधी उतरेल ते मी सांगू शकत नाही. इथे काही झालं तर माझ्या हातात फार काही नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या होत्या, आणि ते मला दिसत होतं.

रात्रभर मी मुलीचे पाय मांडीवर घेऊन बसले. सकाळी उठले, कोपऱ्यातली सब्बल घेतली आणि भर पावसात अंगणात जाऊन कोब्यावर घातली. पहिला घाव उसळून माझ्याच हाताला झिणझिण्या आल्या. दुसऱ्याला टवका उडाला. नवरा धावत बाहेर आला.

"अव, काय करून राह्यली? ईनबाई पाहून राह्यल्या!"

"पाहू द्या! ईनबाई, या इकडे. पाला-बिला काई अडकला नाई. ही आमची संडासाची टाकी आहे, अन् तुमची मानाची पंगत हिच्यावर बसली होती. तुमचे मालक बरोबर इथी बसून बुंदी खात होते. तुमाले समजू नये म्हणून ह्या माणसानं टाकी पुरली, अन् आता माझी पोरगी तहानेनं मरून राह्यली!"

मी ओल्या कोब्यावर खाली बसले. नवरा भिंतीला टेकला. ईनबाई ओसरीच्या पायरीवर उभ्या, चेहरा तसाच. मग त्यांनी लुगड्याचा काठ खोचला आणि पावसात खाली आल्या.

"बापा बापा," त्या म्हणाल्या. "एवढंच होय? अव बाई, आमच्या घरी लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी नवरा-नवरीले खुर्च्या टाकून बसवलं, तिथं खाली काय होतं वाटते तुमाले? आमची टाकी. वर गालिचा टाकला होता आमच्या मालकानं. मी बोंबलून राह्यली, माझं ऐकलं नाई. तुमचे मालक तिथंच फोटो काढायले उभे होते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्या फोटोची चौकट आमच्या बैठकीत लटकते आहे. मला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडू. ईनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सरळ मुलीच्या खोलीत गेल्या, तिच्या कपाळाला हात लावला आणि परत येऊन माझ्या नवऱ्यालाच कामाला लावलं. लग्न ठरल्यापासून ज्यांची त्यांना धास्ती, त्याच बाईने.

"भाऊ, प्लॅस्टिकची एक खुर्ची आणा. इळा चुलीत तापवा. बसायच्या जागी भोक पाडा. खाली बादली. राख किती आहे घरी?"

राख चुलीखाली ढीगभर होती. ईनबाईंची सासू अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. सरपणाच्या खोलीत खुर्ची मांडली, दाराला जुनं लुगडं बांधलं, शेजारी डब्यात राख आणि एक वाटी. अस्वल नाही, उतार नाही, बसून उठायचं नाही. मी आधीच का नाही केलं हे? कारण घरात काही बिघडलेलंच नव्हतं ना! पाला अडकला होता फक्त.

बादलीचं काय करायचं हे कोणी विचारायच्या आत नवरा फावडं घेऊन कुंपणापाशी गेला होता. तिथे जरा उंचवटा आहे, विहिरीपासून लांब. तिथे त्यांनी खड्डा खणला, वर टिनाचा तुकडा ठेवला, आणि बादली मीच नेईन असं माझ्याकडे न बघता सांगितलं. मी तोवर पुन्हा कोबा फोडायला लागले होते; परत येऊन त्यांनी माझ्या हातातली सब्बल घेतली. मी भलतीकडेच घाव घालत होते. झाकणं कुठे होती ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. ते त्या पिवळ्या डागावर उभे राहिले आणि त्यावरच घाव घातला. झाकण उघडलं नाही, पावसात उघडून काय करणार. फक्त कडी मोकळी केली, म्हणजे रस्ता उघडला की गाडी तरी येईल.

मी घरात गेले. पूल तसाच पाण्याखाली होता, टिनावरचा आवाज तसाच होता, आणि अजून किती दिवस आम्ही असे कोंडलेले राहणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ईनबाईंनी मुलीला उठवून बसवलं होतं. मी तांब्या पुढे केला. तिने आधी दाराकडे पाहिलं. बाहेर तिचा बाप गुडघ्यावर बसून, भिजत, कोब्याचे तुकडे गोळा करत होता.

"पे," ईनबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबाची फजिती होऊन गेली. आता पे."

तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, तरी ती थांबली नाही. तांब्या रिकामा करून तिने माझ्यापुढे धरला.

"अजून दे."