पॅरिसच्या स्टेशनात खुर्चीवर ठेवलेली बॅग

माझी धाकटी बहीण फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती आणि अब्बांना तिला एकदा बघायचं होतं. एवढंच काम होतं. अबुधाबीहून विमानाने पॅरिस, पॅरिसमध्ये एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात, आणि तिथून तीन तासांची गाडी. ते काम मी माझ्या हाताने बिघडवलं. त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात माल पाठवण्याचं काम बघतो. कुठला कंटेनर कुठल्या बंदरात उतरणार आणि तिथून कसा पुढे जाणार, हे ठरवायचं. वीस वर्षं हे केल्यावर आपल्याला जगात कुठेही वाट सापडते असा एक माज अंगात येतो, तसा तो मला आला होता. नात्यातलं कोणी रत्नागिरीहून पहिल्यांदा दुबईला यायचं असलं, की घरचे माझ्याकडे बोट दाखवत. मी फोनवर त्याला एकेक वळण सांगे आणि तो चुकला की त्याच्यावर खेकसे.

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी तिला आठवडा दिला होता. त्यातले चार दिवस व्हिसात गेले. अबुधाबीच्या खलिफा सिटीतल्या आमच्या घरापासून मशीद सात मिनिटांवर आहे, तिथे अब्बा पाचही वेळा एकटे चालत जात आणि एकटे येत. पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख. माझ्या मुलांच्या जन्मतारखा मला बायकोला विचाराव्या लागतात, अब्बांना तोंडपाठ.

ऑफिसातला एक लेबनानी सहकारी पॅरिसला शिकलेला. त्याने मला कागदावर नकाशा काढून दिला. म्हणाला, "हबीबी, तिथे मेन स्टेशन असं एक नाहीच. सहा-सात आहेत, प्रत्येकाची दिशा वेगळी. चुकीच्या स्टेशनावर उभा राहिलास तर खलास." एअरपोर्टवरून लोकल गाडीने उत्तरेच्या स्टेशनात, म्हणजे गार द्यू नॉरला उतरायचं. तिथून हिरव्या डी लाइनने दोन स्टॉप. मग गार द लियों, तिथून ग्रेनोबलची गाडी. मी तो कागद खिशात ठेवला, पण खरं तर मला त्याची गरज वाटत नव्हती.

गार द्यू नॉरला पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजत होते. वर लोखंडाचं केवढं तरी छप्पर, खाली जमिनीत मजल्यांवर मजले, आणि चहूबाजूंनी माणसं चालत सुटलेली. थांबणाऱ्याला तिथे जागा नाही. आमच्याकडे दुबईत मेट्रोच्या स्टेशनात चकचकीत लादी असते, आणि उभं राहून इकडेतिकडे बघितलं की कोणीतरी युनिफॉर्मवाला हिंदीत विचारतो, कुठे जायचंय. इथे मी तिघांना थांबवलं. तिघांनीही न थांबता हात हलवला. तिकीट टाकून जायच्या फाटकात अब्बांच्या कुर्त्याचं टोक अडकलं, दारं बंद झाली आणि मागची बाई फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटत त्यांना ढकलून पुढे गेली. अब्बा तिलाच "माफ करना, बेटी" म्हणाले. मी पलीकडून ओरडत होतो, "यल्ला अब्बा, यल्ला, गाडी जाईल!" आजही तो माझा आवाज आठवला की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तरी आम्ही गार द लियोंला वेळेत पोचलो. पावणेदहा. गाडी पावणेअकराची. मी स्वतःवर जाम खूश झालो. मेव्हण्याचा मेसेज आला: ती जागी आहे. अब्बा कुठे पोचले, असं सारखं विचारतेय. नर्सला सांगून बेडची डोक्याकडची बाजू उचलून घेतलीय, अब्बा आले की बसलेली दिसली पाहिजे म्हणते. मी तो मेसेज अब्बांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिले.

त्या स्टेशनात गाडीचा फलाट वीस मिनिटं आधीपर्यंत सांगत नाहीत. हॉल तीन, काही फलाटांना अक्षरं, काहींना आकडे. सगळे प्रवासी मान वर करून बोर्डाखाली उभे. बसायच्या खुर्च्या मोजून थोड्या. मी एका जोडप्याला उठताना पाहिलं आणि धावत जाऊन दोन खुर्च्या पकडल्या. अब्बा बसले, गुडघे चोळले, आणि पाच मिनिटांत म्हणाले, "मला जरा जाऊन यायचंय."

संडास खाली, जिना उतरून. अब्बांना एकटं सोडणं शक्य नव्हतं, आणि खुर्च्या सोडल्या तर परत मिळणार नव्हत्या. मी काय केलं? आम्ही सगळे दुबईत जे करतो तेच. मॉलच्या फूड कोर्टात टेबल धरायचं असेल तर आम्ही त्यावर फोन ठेवतो, बायका पर्स ठेवतात, आणि निवांत जेवण आणायला जातो. अर्ध्या तासाने आलं तरी वस्तू जागच्या जागी. या गोष्टीचा आम्हांला केवढा अभिमान. गावाला गेलो की चारचौघांत हेच सांगतो. मी अब्बांची शाल एका खुर्चीवर पसरली आणि काळी चाकांची बॅग दुसऱ्या खुर्चीवर ठेवली.

अब्बा म्हणाले, "बॅग बरोबर घेऊ या ना."

"अब्बा, किती वर्षं झाली तुम्हांला आखातात? कोण नेतंय बॅग? पासपोर्ट माझ्याकडे आहेत. चला."

ते उठले. मी चिडलो की ते वाद घालत नाहीत, ही त्यांची जुनी सवय.

खाली रांग होती. आत जायला एक युरो. "चार दिरहॅम," मी म्हणालो. "म्हणजे शंभर रुपये," अब्बा म्हणाले, आणि त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा आणि शेवटचे हसले. त्यांनी तोंड धुतलं, दाढीवरून ओला हात फिरवला, मुलीला भेटायचं म्हणून टोपी नीट केली. जिना चढायला वेळ लागला. वर आलो तर आमच्या खुर्च्यांच्या भोवती पट्टी लावलेली होती, लोकांना पार मागे हटवलं होतं, आणि पट्टीच्या आत बंदुका घेतलेले तीन सैनिक आमच्या बॅगेकडे बघत उभे होते. लाउडस्पीकरवर एक बाई फ्रेंचमध्ये तेच तेच सांगत होती. त्यातला "बगाज" एवढा शब्द, म्हणजे सामान, मला कळला.

मी हात वर करून ओरडलो, "हमारा है! माय बॅग! माय बॅग!" दोन पोलिसांनी मला दंडाला धरलं. एकाने अब्बांकडे पाहिलं, त्यांच्या दाढीकडे, टोपीकडे, आणि खांद्यावरच्या वायरलेसमध्ये काहीतरी बोलला. आम्हांला एका छोट्या खोलीत नेलं. बऱ्याच वेळाने बॅग आली. टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवली: अब्बांची औषधं, छोटं कुराण, स्वेटर, आणि बहिणीने मागितलेली आमसुलांची पुडी. पोलिसाने एक आमसूल हातमोज्याच्या बोटांत धरून बराच वेळ हुंगलं. घड्याळात दहा चाळीस झाले होते. मी हात जोडले. माझी बहीण मरते आहे, आमची गाडी पाच मिनिटांत सुटेल, असं इंग्रजीत सांगितलं. ती पोलीसबाई ऐकत होती, तिला वाईटही वाटत असावं, पण तिच्या पुढ्यात फॉर्म होता. तिने विचारलं, "बॅग कोणी सोडली?"

आखातात राहणाऱ्या माणसाच्या मनात पोलीस म्हटलं की दुसरा शब्द डिपोर्ट हाच येतो. केस झाली की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बायको, मुलांच्या शाळा, अब्बा, सगळं एका महिन्यात विमानात. हे फ्रान्स होतं, तिथे असं काही झालंच नसतं, हे मला आज कळतं. त्या खोलीत कळत नव्हतं. मला फक्त माझं नाव त्या फॉर्मवर नको होतं.

मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी. वय झालंय. विसरतात." आणि बोट माझ्या कपाळाला लावून गोल फिरवलं.

अब्बांना इंग्रजी येत नाही. पण त्या बोटाला भाषा लागत नाही. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पोलीसबाईचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने फॉर्म भरला आणि अब्बांच्या समोर सरकवला. अब्बांनी काय लिहिलंय ते विचारलं नाही. त्यांनी मराठीत, सावकाश, पूर्ण सही केली.

सोडलं तेव्हा साडेअकरा झाले होते. ग्रेनोबलची पुढची जागा पावणेतीनच्या गाडीत मिळाली. ते तीन तास अब्बा खुर्चीत बॅग मांडीवर घेऊन बसले. मी बोर्डाखाली उभा राहिलो. त्यांच्या शेजारी बसायची माझी हिंमत झाली नाही.

बहीण चार वाजता गेली. आम्ही तेव्हा गाडीत होतो, बाहेर नुसती शेतं होती. फोन मी घेतला आणि मीच अब्बांना सांगितलं. ते "इन्ना लिल्लाही" म्हणाले आणि त्यानंतर उतरेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. पावणेअकराची गाडी मिळाली असती तर सव्वादोनला आम्ही तिच्यापाशी असतो. पावणेदोन तास. हा हिशेब मी रोज करतो, त्यासाठी मला नकाशा लागत नाही.

हॉस्पिटलच्या दारात मेव्हणा रडत गळ्यात पडला. मग विचारलं, "भाईजान, गाडी कशी चुकली?" मी म्हणालो, "अब्बा बॅग विसरले." दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. आम्ही घरी परतल्यावर बर दुबईहून मावशी दुखवट्याला आली, तिला तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तर मी दोन वाक्यं जास्तीची जोडली. अब्बा तिथेच सोफ्यावर बसले होते. मावशीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "म्हाताऱ्याला आता एकटं सोडू नकोस रे."

मग घर त्यांच्या मागे लागलं. बायकोने माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या प्रत्येक कुर्त्याच्या खिशात घातली. त्यांना गॅसपाशी जाऊ देईना. मशिदीत जायचं तर कोणीतरी बरोबर हवं, आणि कोणी मोकळं नसेल तर नमाज घरीच. एका दुपारी ते चपला घालून दाराशी उभे होते. माझी मुलगी लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली, "डॅड, ही कान्ट गो अलोन. ही फर्गेट्स." अब्बांनी चपला काढल्या, जोडून ठेवल्या आणि खोलीत गेले. मी हे पाहत होतो. भित्रा माणूस आहे मी, दुसरं काय.

शेवटी बायकोने मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टर सिरियन होता, हिंदी येत नव्हती, त्यामुळे दुभाषा मीच. त्याने वार विचारला, महिना विचारला, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. अब्बा कुठेच अडखळले नाहीत. पाच शब्द दहा मिनिटांनी त्याच क्रमाने परत सांगितले. डॉक्टर माझ्याकडे वळला. "यांची स्मरणशक्ती तर माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्ही यांना का आणलंत? काही महत्त्वाचं विसरलेत का कधी?"

मी प्रश्न मराठीत केला. मनात म्हणत होतो, आता सांगा, अब्बा, सांगून टाका याला, माझी सुटका करा.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "पॅरिसच्या स्टेशनात बॅग विसरलो. म्हणून लेक भेटली नाही."

"अब्बा, असं नाही..."

"सांग. तो थांबलाय. तुझ्या घरात तुझ्या मुलांना तोंड दाखवायचंय तुला. माझं काय, मला आता कुठे जायचंय?"

मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरने ते टाइप केलं, मान हलवली आणि खाली लिहून दिलं की यांना यापुढे एकटं बाहेर पाठवू नये.