त्रास त्यांचाच हवा

उज्ज्वलाताईंना ‘कशा आहात’ असं पूर्ण विचारणं मला कधी जमलंच नाही. मी ‘कशा’ म्हणेपर्यंत त्यांचं ‘एकदम मजेत’ येऊन आदळायचं. अंगात ताप असो, पगार लांबलेला असो, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर एका जागी उभी असो, बाई मजेत. सुरुवातीला मला याचं फार कौतुक वाटलं. नंतर राग यायला लागला. माझा स्वभाव नेमका उलटा. मला साधी सर्दी झाली तरी निम्म्या इमारतीला ती तपशीलवार ठाऊक असते.

आम्ही शारजात एकाच इमारतीत राहायचो आणि दोघींच्या नोकऱ्या दुबईतल्या अल कुसैसला. त्या एका शाळेच्या अकाउंट्समध्ये, मी कार्गो कंपनीत. महिन्याचे पैसे ठरवून रोज ने-आण करणारी गाडी म्हणजे कारलिफ्ट; शाजी नावाच्या मल्याळी ड्रायव्हरच्या कारलिफ्टमध्ये मागची सीट आमची. आमची सकाळ म्हणजे अमेरिकेतली रात्र. गाडी हलली की ताई केस नीट करायच्या, पर्समधल्या आरशात टिकली बघायच्या आणि ओहायोतल्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावायच्या. जेवलात का, काय केलं होतं, गोळी घेतलीत का. पलीकडून माधवरावांचं उत्तर ठरलेलं, “सगळं मजेत.” मग इकडून, “इकडेही मजेत.” हे रोज ऐकून एकदा न राहवून मी म्हटलं, “तुम्ही दोघं एवढे सुखात आहात, तर एकत्र राहायची गरजच काय?” त्या खळखळून हसल्या. पुढे हेच वाक्य निराळ्या शब्दांत एका सरकारी पत्रातून यायचं होतं, हे तेव्हा मला काय ठाऊक.

ताईंची गोष्ट सांगलीत सुरू होते. वडील लवकर गेले, आई अंथरुणावर, त्यामुळे लग्नाचं वय आलं आणि निघून गेलं. धाकटी बहीण लग्न होऊन ओहायोला गेली होती. आई वारल्यावर वर्षभरात बहिणीला जुळं झालं, आणि पाठोपाठ तिचं मोठं दुखणं निघालं. ताई पाहुणी म्हणून मदतीला गेल्या. राहायची परवानगी होती सहा महिन्यांची, राहिल्या जवळजवळ दोन वर्षं. मुदत वाढवायचा अर्ज करायला हवा, हे कुणाला सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण मेहुणे म्हणाले, “घरच्या माणसाला कसली आलीय मुदत?” ताईंनाही ते पटलं. बहिणीच्या घरी बहीण राहते, रांधते, मुलांची दुपटी धुते, यात कायदा कुठून येतो? आपल्याकडे पाहुण्याला ‘कधी जाणार’ असं विचारणंसुद्धा पाप. अमेरिका सरकारला मात्र ते विचारायची सवय आहे. ताई परतल्या त्या दहा वर्षांची बंदी घेऊन, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

माधवरावांची ओळख तिथलीच. बहिणीच्या शेजारच्या गल्लीत राहणारा विधुर माणूस, शहराच्या पाणी खात्यात नोकरीला, अमेरिकेचा नागरिक. ताई शारजाला नोकरीसाठी आल्यावर वर्षभरात त्यांनी फोनवरच विचारलं. सांगलीला रजिस्टर लग्न झालं. तीन आठवडे एकत्र राहिले आणि दोघं आपापल्या विमानात बसले. “चार-सहा महिन्यांत ये म्हणतील,” असा हिशेब होता. अबू धाबीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत झाली तेव्हा काचेपलीकडच्या माणसाने अदबीनं विचारलं, “त्या वेळी तुम्ही दोन वर्षं राहिलात ना?” ताई अभिमानाने हो म्हणाल्या. बहिणीसाठी काय काय केलं तेही सांगायला लागल्या. त्याने कागद परत सरकवला.

बंदीतून सूट मागता येते, त्याला वेव्हर म्हणतात. त्यासाठी एका भारतीय वकीलबाईंचा फोनवर सल्ला घेतला तेव्हा मी शेजारी बसले होते. ताई आपलं एकटेपण, शारजातलं भाडं, पाठदुखी असं काहीबाही प्रथमच मोकळेपणाने सांगू लागल्या. वकीलबाईंनी मध्येच थांबवलं. “मॅडम, आपकी तकलीफ नहीं गिनी जाएगी. आप बाहर हैं. तकलीफ उनकी होनी चाहिए. वो सिटिझन हैं.”

“और मेरी?” ताईंनी विचारलं.

“आपकी नहीं.”

म्हणजे बायकोवाचून नवऱ्याचे हाल होतात, नेहमीच्या विरहापेक्षा कितीतरी जास्त होतात, आणि नोकरी, विमा, उपचार सोडून तो तिच्याकडे येऊन राहूही शकत नाही, हे पटवून द्यायचं. माधवरावांचा मधुमेह जुना, औषधं सगळी तिथल्या विम्यावर, आणि या वयात त्यांना इथे नोकरी कोण देणार? केस तशी अगदीच पोकळ नव्हती. पण पहिल्या वेळी दोघांनी वकील न लावता अर्ज स्वतःच भरला. “खरं तर आहे, मग त्याला वकील कशाला?” हे माधवरावांचं म्हणणं. त्यांनी आपल्या हालांचं निवेदन लिहिलं. ताईंनी ते मला गाडीत वाचून दाखवलं. देवाच्या कृपेने माझं चांगलं चाललं आहे, बायको आली तर आनंदच होईल, सरकारला तसदी देताना संकोच वाटतो. मी कपाळावर हात मारून घेतला. तिथल्या मराठी मंडळाच्या मित्रांनी जोडलेली पत्रं त्याहून भारी. माधवराव किती खंबीर आहेत, गणपतीत शंभर माणसांचा स्वयंपाक एकटे कसे करतात, शेजाऱ्यांच्या दारातलाही बर्फ कसा उपसून देतात. एखाद्याच्या निरोप समारंभात शोभावीत अशी पत्रं. मी म्हटलं, “अहो ताई, यात त्रास कुठाय?” तर म्हणाल्या, “असं चारचौघांत आपलं दुखणं कसं गं मांडायचं? लोक काय म्हणतील त्यांना?”

नकार आला. दूर राहिल्याने कुणालाही होईल एवढंच दुःख दिसतं, त्याहून जास्त काही दिसत नाही, असं त्यात म्हटलं होतं. ताईंनी त्या दिवशी अर्धी रजा टाकली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना मी ‘कशा’ म्हणायच्या आत, “मजेत.”

पुढच्या हिवाळ्यात माधवराव सलग चार-पाच दिवस व्हिडिओवर आले नाहीत. नुसता आवाज. फोनचा कॅमेरा बिघडलाय, म्हणाले. खरं काय ते बहिणीने कळवलं. कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेताना बर्फावरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेजारच्या बाईचं लक्ष जाईपर्यंत ते तसेच पडून होते. हॉस्पिटलच्या कॉटवरून हा माणूस बायकोला मजेत म्हणून सांगत होता. ताईंनी या वेळी वकीलबाईंना रीतसर पैसे भरून केस दिली होती, त्यांना हे कळवणं भाग होतं. गाडीतूनच त्यांना केलेला फोन ठेवून ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. पुढे गाड्यांची रांग, शाजी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, बुरा मत मानिए, पर केस के लिए ये अच्छा है.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आणि मला क्षणभर बरं वाटलं गं. त्यांचं हाड मोडलं आणि मला बरं वाटलं.”

  शाजीला मराठीचा एक शब्द कळत नाही, पण त्याने गाण्याचा आवाज बारीक केला.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या फळीवर देव होते. तिथे रोज निरांजन असायचं, नुसतं असायचं नाही, वात जळलेली असायची. त्या दिवशी निरांजन कोरडं होतं. अडचण आहे का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. “दिवा लावला की हात जोडावे लागतात,” त्या म्हणाल्या. “हात जोडून मागू काय? त्यांना लवकर बरं कर म्हणू, तर इकडे केस पडते. नको करू म्हणू? कुठल्या तोंडाने? म्हणून मी काही मागतच नाही. खलास.” कांदा चिरावा तितक्या सहज त्यांनी हे सांगितलं. 

नवा अर्ज गेला. डॉक्टरांचे कागद जोडले, खुब्याचे, साखरेचे, एकटं राहणं धोक्याचं आहे असं लिहिलेले. मग सकाळी गाडीत निराळाच वर्ग भरू लागला. ताई नवऱ्याला कण्हायला शिकवायच्या.

“अहो, डॉक्टरांना दुखतंय म्हणून सांगा हं.”

“पण आता एवढं नाही दुखत.”

“थोडं तरी दुखत असेल ना?”

“तुझ्याशी बोलल्यावर नाही दुखत,” असं म्हणून ते हसायचे. मी तोंडावर रुमाल धरून हसू दाबायचे, आणि ताई मला कोपराने ढोसायच्या. त्या दिवसांत त्या दोघांत जेवढं खरं बोलणं झालं तेवढं आधी कधी झालं नसावं. रात्री बाथरूमला उठायची भीती वाटते, हे माधवरावांनी तेव्हाच कबूल केलं. पहिल्या बायकोच्या वेळी आपण रडलो नव्हतो, हेही. आणि तरीही कॉल संपताना दोघं सवयीने म्हणायचे, मजेत.

उन्हाळा सुरू झाला होता. एका सकाळी माधवराव म्हणाले, “आज फक्त बघ. बोलू नकोस.” त्यांनी फोन कुठेतरी टेकवून ठेवला. पडद्यावर त्यांचं स्वयंपाकघर दिसलं, आणि हा उंच, वाकलेला माणूस काठीशिवाय ओट्यापासून दारापर्यंत गेला, वळला आणि परत आला. शेवटची दोन पावलं तर मुद्दाम झपझप टाकली. धाप लागलेला चेहरा कॅमेऱ्यात घालून म्हणाले, “तू येशील तेव्हा तुला म्हाताऱ्याची सेवा करायला लागू नये. दोन महिने लपवून सराव केलाय.” ताईंनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. शाजीने आरशातून बघितलं आणि सिग्नलला गाडी थांबलेलीच होती म्हणून त्यानेही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर ताईंनी हळूच विचारलं, “अहो, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय का?”

“दिलंय ना,” ते म्हणाले. “पूर्ण बरा म्हणून. त्यांनाही मी चालून दाखवलं.”

काही आठवड्यांनी सरकारने प्रकृतीचे ताजे कागद मागवले. वकीलबाई सरळ होत्या, त्यांनी जे होतं ते पाठवलं. डॉक्टरांच्या कागदात नसलेलं दुखणं त्यांना लिहिता आलं नसतं, आणि ताईंनीही ते लिहू दिलं नसतं. दुसरा नकार आला तेव्हा शाळेत नोकरकपात सुरू झाली होती. ताईंचं नाव यादीत होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, इथे राहणं संपलं. म्हणजे माधवरावांना सुट्टीत यायला सांगलीपेक्षा जवळचं शारजाही उरलं नाही. बंदी उठायला अजून बरीच वर्षं होती, आणि माधवरावांची साखर काही तोवर थांबणार नव्हती.

नकार आल्याचं मला त्यांनी मेसेजने कळवलं. संध्याकाळी मी जेवणाचा डबा घेऊन वर गेले. काय बोलायचं ते जिन्यात ठरवत होते, सगळंच फोल वाटत होतं. घरात अर्ध्या भरलेल्या बॅगा होत्या. ताई स्वयंपाकघरात होत्या. फ्रिजशेजारच्या फळीवर निरांजन लावलेलं होतं, आणि त्या डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. इतका वेळ उभ्या होत्या की मी डबा ओट्यावर ठेवून भिंतीला टेकले. शेवटी त्यांनी डोळे उघडले. ते सुजलेले होते.

मी कशा आहात असं विचारलं नाही. त्यांनीही मजेत म्हटलं नाही. निरांजनातली वात बोटाने पुढे सारत म्हणाल्या, “आता मागता येतं गं. आता ते बरे राहिले तरी काही बिघडत नाही.”