पुलाच्या अलीकडचं स्थळ

अख्ख्या ब्रिटनमध्ये माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन, त्याच्या आईचा स्वभाव आणि धक्का दिला तर तो किती हलेल, हे बिनचूक सांगणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला होता. राणीला कुणी कळवलं नाही म्हणून बरं, नाहीतर लंडनच्या टॉवरमधल्या कावळ्यांच्या शेजारी त्यांना बसवून तिकीट लावलं असतं. साडू हे नातंच मुळी एका घराच्या दोन मुलींनी दोन अनोळखी पुरुषांना एका खुंटीला बांधण्याचं. मी लंडनच्या टोकाला पिनरमध्ये राहून कौन्सिलच्या ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे नामंजूर करत असे. साडू वेल्समध्ये, कार्डिफच्या एका हॉस्पिटलात लोकांना भूल देत असत. घरी आले की तेच काम ते भुलेच्या औषधाशिवाय नुसत्या बोलण्यानं करत.

वजनाचं वेड त्यांना धंद्यातून लागलं. भूल द्यायची तर माणसाचं वजन माहीत हवं, आणि माणसं वजनाबाबत खोटं बोलतात, म्हणून त्यांनी आपल्या डोळ्यांचाच काटा करून टाकला. आमच्याकडच्या सत्यनारायणाला शेजारच्या बाई आल्या होत्या. साडूंनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं आणि प्रसादाची वाटी देता देता प्रेमानं म्हणाले, "साडेअकरा स्टोन." म्हणजे आपल्या हिशेबानं त्र्याहत्तर किलो. बाई वाटी ठेवून गेल्या. आमची ही दुसऱ्या दिवशी केक घेऊन माफी मागायला गेली, तर बाईंनी दार उघडलं नाही, पण बाईंच्या नवऱ्यानं मला कुंपणापाशी गाठून हळूच विचारलं, "तुमचे हे डॉक्टर पुन्हा कधी येणार? मला दहा सांगितलंय गेली आठ वर्षं."

हे वेड असंच घरगुती राहिलं असतं. पण त्या दिवसांत टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले आणि इथली पोरं खांद्यांत उशा कोंबून, डोक्यावर हेल्मेट घालून एकमेकांवर धावायला लागली. साडूंचा एकुलता एक निखिल कार्डिफच्या कॉलेजात होता. शेवग्याची शेंग उभी करावी तसा पोरगा. तो कॉलेजच्या संघात क्वार्टरबॅक झाला. म्हणजे चेंडू हातात घेऊन उभं राहायचं, कुणाकडे फेकावा याचा विचार करायचा, आणि तो विचार चालू असताना समोरचे सगळे रेडे फक्त आपल्याच अंगावर यायचे. मला फोनवर मोठ्या अभिमानानं म्हणाला, "काका, माझा पोझिशन सगळ्यात इंपॉर्टंट आहे. सगळी लोक मलाच मारायला येतो."

पहिल्या सामन्याला साडू गेले. निखिलच्या पुढे रक्षणाला पाच जण उभे असायला हवेत, ते होते. पण त्यातला एक वीकेंडला घरची आठवण येऊन ट्रेननं निघून गेलेला, त्याच्या जागी कुणीतरी बदली. आणि दुसरा तत्त्वज्ञान शिकणारा. समोरून धिप्पाड गडी धावत आला की हा नम्रपणे बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा. निखिलवर तिघे जण बसले. साडू सांगत, "त्या तिघांची मिळून बेचाळीस स्टोन. खाली माझं नऊ स्टोनचं पोर. मोडलेली हाडं मी रोज बघतो हो. मोडतानाचा आवाज ऐकायची सवय नाही."

मुलाला खेळू नको म्हणून बघितलं. मुलगा ऐकेना. तेव्हा या गृहस्थांनी ठरवलं की मुलगा नाही बदलत, तर मुलापुढची माणसं बदलू. आणि अशा रीतीनं, ज्यांना त्या खेळाचे निम्मे नियमही कळत नव्हते ते आमचे साडू, त्या कॉलेजचे स्वयंघोषित, बिनपगारी, कुणीही न नेमलेले माणूसशोधक झाले. चेंडू पकडणारे, पळणारे, त्यांच्याकडे ते ढुंकून बघत नसत. "ती सगळी तोरणं," म्हणत. त्यांना हवे ते पुढचे पाच. त्यांना ते 'बुरूज' म्हणत. बुरुजानं चेंडू घेऊन पळायचं नाही, गोल करायचा नाही, पेपरात नाव यायचं नाही. फक्त उभं राहायचं आणि मागच्याला इजा होऊ द्यायची नाही. "आमच्यासारखंच," ते म्हणत. "शुद्धीवर आला की पेशंट सर्जनचा हात धरून रडतो. भूल देणाऱ्याचं नाव कुणाला माहीत असतं?"

बुरूज मात्र वेल्समधलाच हवा, हा त्यांचा हट्ट. अमेरिकेतली कॉलेजं आपल्याच राज्यातली पोरं आधी हेरतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, आणि वेल्सला स्वतःच राज्याचा दर्जा देऊन इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या सेव्हर्नच्या पुलावर हद्द आखली. पुलाच्या अलीकडचा तो आपला, पलीकडचा परका. पलीकडून एक ब्रिस्टलचा दरवाजाएवढा रुंद मुलगा आपणहून चालत आला होता, त्यालाही नकार. मी म्हटलं, "अहो, तुम्ही स्वतः कुठल्या पुलापलीकडून आलात?" तर म्हणाले, "म्हणूनच सांगतो. लांबून आलेल्याचं अर्धं वजन घरीच राहतं."

शोधायची पद्धत त्यांची स्वतःची. फिश अँड चिप्सच्या दुकानात, पोस्टात, बसस्टॉपवर, जिथे रांग दिसेल तिथे हे शिरत आणि पुढच्या आडव्या माणसाला खांद्यानं हलकेच ढकलत. जो पुढे सरकला तो बाद. जो मागे वळून भांडला तोही बाद, कारण तो चिडून जागा सोडणार. जो जागचा न हलता उलट स्वतःच 'सॉरी' म्हणाला, तो खरा बुरूज. अशी निम्म्या कार्डिफची परीक्षा झाली. एका हवालदारालाही त्यांनी ढकललं. तो हलला नाही, सॉरीही म्हणाला, आणि वय जास्त निघालं म्हणून साडू दोन दिवस हळहळत होते. निखिल मेटाकुटीला येई. "बाबा, तू असा लोकांना पुश नको करू ना. माझी सगळा मित्र बघते." त्यावर साडू थंडपणे म्हणत, "बघू दे. त्यातला कुणी हलला का, ते सांग."

मुलगा हेरला की त्याच्या घरी जायचं. इथे मात्र साडूंच्या अंगात आपल्याकडचा वरपिता शिरे. ते म्हणतच तसं: "आज पॉन्टिप्रिडला एक स्थळ बघायला जातोय." सूट, टाय, सोबत आमच्या मेव्हणीबाईंनी, म्हणजे ताईंनी, वळलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा. दारातल्या बुटांचा आकार बघायचा, बैठकीत मुलाला उभं करून "जरा चालून दाखव बाळ" म्हणायचं, आणि मग मुलाला सोडून सगळी चौकशी आईकडे. आईवर त्यांची फार भिस्त. आई मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन उभी असेल, तर मुलगा मागे सरकत नाही, हा त्यांचा सिद्धांत. पुलापलीकडची आई दर रविवारी येणार कशी?

तर अशा स्थळांतलं सर्वांत मोठं स्थळ म्हणजे गॅरेथ. साडू त्याला गारठ्या म्हणत. दरीतल्या एका छोट्या गावातला, वडील नाहीत, आई शाळेत मुलांना जेवण वाढणारी. खाटकाच्या दुकानात रांगेत उभा असताना साडूंनी ढकललं, तर साडूच मागे जाऊन सॉसेजच्या काचेवर आदळले आणि गॅरेथनं त्यांना उचलून उभं करत तीनदा सॉरी म्हटलं. साडूंना तिथेच प्रेम जडलं. दुसऱ्या रविवारी लाडवांचा डबा घेऊन हजर.

आई, मिसेस प्रॉसर, अंगानं एवढीशी. चहा ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्याकडे शंभर वर्षं रग्बी खेळतात, उघड्या डोक्यानं. हे हेल्मेट घालून माझा मुलगा बरणीतल्या कांद्यासारखा दिसेल."

"दिसेल," साडू म्हणाले. "पण कांदा शाबूत राहील."

"पुलापलीकडच्या कॉलेजनंही बोलावलंय त्याला. तिथे जाऊ नको म्हणून मी का अडवू?"

"अडवू नका. तिकडे गेला तर घरी कधी येईल?"

"सुट्टीत येईलच की."

"सुट्टीत येतो तो पाहुणा असतो, मिसेस प्रॉसर."

बाईंनी साडूंचा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "आणि कार्डिफमध्ये त्याच्याकडे कोण बघणार?"

"मी बघणार," साडू म्हणाले.

एवढंच. नवरदेवाच्या बापानं सुपारी फोडावी तशा थाटात दोघांनी लाडू खाल्ला. बाईंनी रिकाम्या डब्यात वेल्श केक भरून दिले आणि गॅरेथ कार्डिफला आला.

पुढची दीड वर्षं निखिलच्या अंगाला चिखलसुद्धा लागला नाही. गॅरेथ पुढे उभा राहिला की पलीकडच्या संघाला निखिल दिसतच नसे. काहींना तर अखेरपर्यंत वाटे की या संघाला क्वार्टरबॅकच नाही. मिसेस प्रॉसर रविवारचं जेवण डब्यात घालून बसनं येत, साडू छत्री धरून उभे राहत, आणि दोघेही खेळ न कळता नेमक्या चुकीच्या जागी टाळ्या वाजवत.

मग एका पावसाळी सामन्यात निखिलनं चेंडू फेकून दिल्यावरही दोन गडी उशिरा, तिरके आले. गॅरेथ निखिलपुढून हलला नाही. ते दोघे त्याच्या पायावर बाजूनं पडले. साडू छत्री टाकून धावले. तो आवाज, ते म्हणाले, या वेळी ऐकला.

गुडघा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन ठरलं. भूल द्यायची पाळी दुसऱ्या कुणाची होती, ती साडूंनी मागून घेतली. मिसेस प्रॉसर थिएटरच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं साडू म्हणतात. आता, साडूंचं इंग्रजी असं की वेल्श लोक त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत. पण माणूस घाबरला की आपल्याच भाषेत घाबरतो. आत जाताना आपण कुणालाही म्हणतो तसं त्यांना 'बरंय, येतो' म्हणायचं होतं. जातो म्हणायला आपली जीभच वळत नाही. तोंडातून निघालं ते, "ओके, मिसेस प्रॉसर. आय ॲम कमिंग." आणि आत गेले.

ऑपरेशन नीट झालं. सर्जननं बाईंना सांगितलं असेल असं साडूंना वाटलं, नर्सनं सांगितलं असेल असं सर्जनला वाटलं. साडू पलीकडच्या दारानं पुढच्या पेशंटकडे गेले आणि संध्याकाळी थेट घरी. ताईंनी वरण-भात वाढला होता. फोन वाजला. नर्स म्हणत होती, "डॉक्टर, ती बाई खुर्चीवरून उठत नाहीये. मुलगा वॉर्डमध्ये आहे, बरा आहे, मी तीनदा सांगितलं. ती म्हणते, इंडियन डॉक्टर येतो म्हणाले होते. बरी बातमी असती तर ते आले असते. आले नाहीत, म्हणजे तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय."

साडू ताटावरून उठले ते नाडीच्या लेंग्यावर, पायात चपला, हाताला भात. अशा अवतारात कार्डिफच्या हॉस्पिटलात शिरलेला दुसरा डॉक्टर झाला नसेल. बाई तिथेच होत्या. साडू समोर उभे राहिले आणि म्हणाले, "गॅरेथ बरा आहे." बाईंनी त्यांच्या लेंग्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, आणि मग त्यांना रडू आलं.

गॅरेथ पुढे चालायला लागला, लंगडत का होईना; खेळ मात्र सुटला. निखिलनंही चेंडूला पुन्हा हात लावला नाही, आणि जवळजवळ वर्षभर रोज संध्याकाळी तो गॅरेथला धरून जिने चढवायचा. साडूंनी त्यानंतर एकही स्थळ बघितलं नाही. रविवारी जेवायला मात्र दरीत जात, लाडू घेऊन. पण त्या संध्याकाळचं उरलेलं मला त्यांनी कितीतरी वर्षांनी सांगितलं, आमच्या पिनरच्या स्वयंपाकघरात बशा पुसता पुसता, आणि त्यात त्यांनी पदरचं काही घातलं नाही, हे मी त्यांच्या आवाजावरून ओळखलं.

दोघे वॉर्डमध्ये गॅरेथच्या खाटेशी बसले होते. पोरगा झोपलेला. साडूंनी चूक समजावून सांगितली: आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. "देअर्स लव्हली," बाई आपल्या वेल्श इंग्रजीत म्हणाल्या, म्हणजे किती छान. मग बराच वेळ मुलाच्या पांघरुणाची कड सारखी करत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण डॉक्टर, जो खरंच जाणार असतो, तो काय म्हणतो?"

"तोही येतोच म्हणतो."

"तुम्ही म्हणालात तसं? आईला, इकडे यायला निघताना?"

"हो."

"मग गेलात परत?"

"गेलो. उशीर झाला होता. ती नव्हती."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. फक्त विचारलं, "तुम्ही येतो म्हणालात, तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या?"

एवढं सांगून साडूंनी हातातली बशी पुसून ठेवली, फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं.

"काय म्हणणार?" मला म्हणाले. "ये म्हणाली."