बसऱ्याचे आजोबा

"ताई, ही बाई दगडाचे दात घासतेय, जरा बघा," छावणीच्या दफनभूमीचा चौकीदार मला बोलवायला आला. बाई आयर्लंडची होती. पहिल्या महायुद्धात सैनिक असलेल्या तिच्या आजीच्या भावाची कबर तिला इथे सापडली होती. ती दातांच्या ब्रशने दगडावर कोरलेल्या त्याच्या नावातली माती काढत होती. मला इंग्रजी येतं, म्हणून मी शेजारी बसले.

"तुमच्या घरचं कोणी होतं त्या युद्धात?" तिने विचारलं.

"माझ्या आजोबांचे काका. बसऱ्याला गेले, परत आले नाहीत."

"नाव काय त्यांचं?"

आम्ही त्यांना 'बसऱ्याचे आजोबा' एवढंच म्हणत असू. त्यांची बायको, आमची काकीआजी, नवऱ्याचं नाव घेत नसे. तेव्हा रीतच तशी होती. मी बाईला हेच कारण सांगितलं. पण विचारलं असतं, तर काकीआजीने ते शेजारणीकडून वदवलं असतं. दहा वर्षं मी तिच्या कुशीत झोपले आणि एकदाही विचारलं नाही.

बाई पुन्हा दगड घासू लागली. मी तिचा दुसरा ब्रश उचलला आणि पलीकडचा, कुणीच न शोधलेला दगड घासायला घेतला. तेवढीच मान खाली राहिली, तिच्याकडे बघावं लागलं नाही.