टाइट एंडचा झेल

टोकियोतल्या फुनाबोरीत माझ्या शेजारी एक अमेरिकन राहतो. इथलं दार त्याला बुटकं पडतं. इथल्याच एका कंपनीच्या संघातून तो अमेरिकन फुटबॉल खेळायचा, टाइट एंड म्हणून. "काम सोपं," तो हसून सांगतो, "दुसऱ्याच्या वाट्याच्या धडका आपण खायच्या, आणि चुकून आपल्याकडे चेंडू आलाच तर सोडायचा नाही."

त्या धडका डोक्यात साठल्या. आता फक्त जळणारा कचरा न्यायच्या दिवशी तो विसरून बाटल्या बाहेर ठेवतो, आणि समोरच्या आजी रागावल्या की कमरेत वाकून माफी मागतो. त्याने का मागायची माफी? मागावी संघाच्या मालकांनी, टाळ्या पिटणाऱ्यांनी! मी तसं पत्रकच काढलं. त्याची सही मागितली, तर म्हणाला, "नको गं. चांगली माणसं होती ती."

काल किल्ली दारालाच ठेवून तो खाली गेला. मी गॅलरीतून हाक मारली आणि किल्ली फेकली. त्याने ती एका हाताने अलगद झेलली, छातीशी घट्ट धरली. चेहरा असा उजळला, जणू अख्खं मैदान ओरडतंय.

मग मूठ उघडून त्याने वर पाहिलं. "ही कुठल्या दाराची?"