लाल गाडीचा टप

मला मोडकी वस्तू बघवत नाही. कुणाच्या घरी गेलो आणि भिंतीवरचं घड्याळ तिरकं दिसलं, तर चहा येईपर्यंत मी ते सरळ केलेलं असतं. हा माझा गुण आहे असं मी जवळजवळ चाळिशीपर्यंत समजत होतो. घरचेही तसंच समजत होते, विशेषतः माझी वहिनी. मिक्सरचं झाकण, टॉर्चचं बटण, दादाच्या छत्रीची काडी, जे बिघडेल ते पिशवीत भरून ती माझ्याकडे पाठवायची आणि सगळ्यांना सांगायची, "भाऊजींच्या हाताला गुण आहे." मला ते ऐकायला फार आवडायचं.

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातली खोली विकून वसईला आलो. दादाला प्लॅस्टिकच्या मॉडेल गाड्यांचा नाद लागला तो इथंच. वसईतल्याच पापडी गावचा त्याचा एक मित्र बोटीवर नोकरीला होता. आठ-नऊ महिन्यांनी तो सुट्टीवर यायचा तेव्हा घरच्यांसाठी साबण, चॉकलेटं आणि दादासाठी एक खोका आणायचा. खोक्यावर चकचकीत गाडीचं चित्र आणि आत खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याइतक्या गाडीचे शंभरेक सुटे भाग. ते कसे जोडायचे हे सांगणारा कागद जपानीत असायचा. आम्ही चित्रं बघून जोडायचो आणि अडलं की एकमेकांवर ओरडायचो.

खोक्यातली गोंदाची ट्यूब बोटीवरच वाळून आलेली असायची. मग स्टेशनजवळच्या बोर्ड रंगवणाऱ्याकडून औषधाच्या बाटलीत थोडं क्लोरोफॉर्म आणायचं. तो अ‍ॅक्रिलिकची अक्षरं त्यानेच चिकटवायचा. रंग हार्डवेअरच्या दुकानातला, लहान डबीतला ऑइल पेंट. आणि रंग द्यायचा मुहूर्त म्हणजे लाइट जाण्याची वेळ. पंखा चालू असला की धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसते, हे आम्ही दोन गाड्या वाया घालवून शिकलो होतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दुपारी लाइट गेली की सगळी बिल्डिंग वैतागायची आणि आम्ही दोघं भाऊ खुशीत ब्रश घेऊन गॅलरीत जाऊन बसायचो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण हातात ब्रश आला की सहा वर्षांचा व्हायचा. त्याला धीर म्हणून नव्हता. एक भाग चिकटतोय न चिकटतोय तोच दुसरा लावायचा. मी मागून चष्मा पुसत चुका काढायचो.

"दादा, हे दार नीट बंद होत नाहीये."

"आपल्याला कुठे आत बसायचंय?"

मी चिडायचो, तो हसायचा. माझी एक गाडी पुरी व्हायला सहा महिने लागायचे, तेवढ्यात त्याच्या तीन व्हायच्या आणि तिन्ही वाकड्या. त्या तो कुणालाही देऊन टाकायचा. ठेवली फक्त एक, लाल.

ती त्याच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षातली. वहिनीचं माहेर होळी गावातलं, तिच्या घरची भाजीची वाडी. ती माहेरी चार दिवस राहून परत यायची होती त्या दुपारी आम्ही गॅलरीत होतो, आणि दादाने लाल रंगाचा शेवटचा हात नुकता दिला होता. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला. मी म्हटलं, "सुकू दे." पण ऐकेल तर तो दादा कसला! गाडी टपावरून चिमटीत धरून तो धावत दारात गेला. वहिनीच्या एका हातात दुधी, दुसऱ्या हातात पिशवी. तिला काही घेता येईना आणि ह्याला ठेवता येईना. दोघं दारातच उभं राहून हसत होते. गाडी परत आली तेव्हा टपावर दादाचा अंगठा उमटला होता, रेषा न् रेषा दिसत होती.

मी पुढची दहा वर्षं त्याच्या मागे लागलो होतो, की दे, घासून परत रंगवतो. तो म्हणायचा, "तिला हात लावायचा नाही." पुढे दादा-वहिनी पापडीला वेगळे राहायला गेले, तिथे गाडी टीव्हीवर होती. तिथे जेवायला बसलं की मला तोच टप दिसायचा आणि वरणभातात लक्ष लागायचं नाही. म्हणजे मला माहीत होतं. हे इथे लिहायलाच हवं. मला सगळं माहीत होतं.

दादा ऑफिसात, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. बेचाळीस वर्षांचा होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनीने घर सोडलं नाही, माहेरी परत ये म्हणणाऱ्यांना तिने हात जोडले आणि ती तिथेच एकटी राहिली. मी तेव्हा नायगावला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो होतो. दर रविवारी तिच्याकडे जायचो, काही मोडलंय का बघायचो. दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आधी घर आवरताना ती गाडी टीव्हीवरून पडली. वहिनी रिक्षा करून, टॉवेलात गुंडाळलेली गाडी मांडीवर धरून माझ्याकडे आली. पुढचं एक चाक निखळलं होतं आणि बंपर लोंबत होता.

"भाऊजी, एवढं बसवून द्या. घाई नाही."

मी म्हटलं, "काळजी करू नको, नव्यासारखी करून देतो."

तिने मान हलवली. तिला वाटलं असेल, बोलायची पद्धत आहे.

चाकाचं काम अर्ध्या तासाचं होतं. मी तीन महिने घेतले. गाडी टेबलावर ठेवून जवळून पाहिली तर लाल रंग पिवळट पडला होता, कडांना तडे गेले होते, दार अजूनही बंद होत नव्हतं. मला वाटलं, दादाने केलेली ही एकच गाडी उरली आहे, ती तरी नीट असावी. हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण ते पहिल्याइतकंच खरं आहे. मला त्याला दाखवायचं होतं, की बघ, अशी करतात गाडी. तो नव्हता, तरी मी त्याच्याशीच भांडत होतो. दहा वर्षं जे त्याने करू दिलं नाही, ते आता अडवायला कुणी नव्हतं.

स्कूटरच्या गॅरेजमधून ब्रेक ऑइल आणलं. जुना रंग काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, प्लॅस्टिकला धक्का न लावता रंग तेवढा सोडवतं. गाडी सुटी केली आणि वरची बॉडी एका बरणीत बुडवून ठेवली. दोन दिवसांनी रंगाला सुरकुत्या पडल्या. जुन्या टूथब्रशने घासला, साय निघावी तसा निघाला. खाली स्वच्छ पांढरं प्लॅस्टिक. मला आठवतं, मला समाधान वाटलं होतं.

मग पुट्टी, मग पाण्यातला पॉलिश पेपर, एक नंबर, दुसरा नंबर. दाराची फट मी कागदाच्या जाडीने कमी करत आणली. तोवर दुकानात स्प्रेचे डबे मिळायला लागले होते. रंगाचे पाच पातळ हात दिले, दर वेळी पंखा बंद करून, घामाने निथळत. बायको म्हणाली, "इतकं कशाला करताय?" मी तिच्यावर खेकसलो. त्या तीन महिन्यांत मी एकदाही रडलो नाही, कारण मला काम होतं. दादा गेल्यापासूनचे माझे ते सगळ्यात बरे दिवस होते.

एका रविवारी सकाळी गाडी खोक्यात घालून पापडीला गेलो. वहिनी वाल सोलत बसली होती. हात पदराला पुसून तिने खोका उघडला. गाडी खरंच देखणी झाली होती. टपात खिडकीचे गज दिसत होते, इतकी चकाकी. मी दार उघडून बंद करून दाखवलं. ती चाकाकडे बघत नव्हती, दाराकडेही नाही. तिने टपावरून हलकेच बोट फिरवलं, मग गाडी उजेडाकडे धरली, परत बोट फिरवलं.

"इथे ह्यांचा अंगठा होता."

"तो काढला ना," मी म्हणालो. "खाली पाच वेळा घासलंय, आता शोधूनही सापडणार नाही."

हे वाक्य मी अभिमानाने बोललो. ते तोंडातून पुरतं बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

वहिनी रागावली की माहेरच्या बोलीत बोलायची, आणि दादा मुद्दाम तिला चिडवून ती बोली ऐकायचा. त्या दिवशी ती आमच्यासारखी, शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध बोलली. "छान केलीत. खूप मेहनत घेतलीत." मग थोड्या वेळाने, वाल पुन्हा सोलायला घेत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज सकाळी पुसताना माझा अंगठा मी तिथे ठेवायचे. बरोबर बसायचा. त्यांचा मोठा होता ना." मी चहा न घेता उठलो. तिने एरवी मला चहाशिवाय कधी जाऊ दिलं नव्हतं, त्या दिवशी थांबवलं नाही.

घरी येऊन मी पहिल्यांदा ती बरणी शोधली. ब्रेक ऑइल परत वापरता येतं म्हणून मी ती टाकली नव्हती. तळाशी लाल गाळ बसला होता, दोन बोटं उंचीचा. बरणी हातात धरून मी मोरीत बसलो आणि दादा गेल्यावर जे रडायचं राहिलं होतं ते सगळं तिथे रडलो. बायको दार ठोठावत होती. 

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला मोडकी वस्तू बघवत नाही. आई म्हणायची, दोघा भावांचे हात एकसारखे, एकाला झाकावं दुसऱ्याला काढावं. ते वाक्य मी धरून बसलो. महिनाभराने वहिनीकडून गाडी मागून आणली, म्हटलं बंपर जरा बघतो. टप पुन्हा रंगवला, त्याच दुकानातला साधा ऑइल पेंट, ब्रशने, घाईघाईने, दादासारखा. मग अंगठा वर धरून बराच वेळ बसलो.  शेवटी टेकवला. चांगला उमटला. मी इतका हताश होतो, की मला ते पटलं.

वहिनीने गाडी घेतली. पाहिलं. तिचा अंगठा टपाच्या दिशेने गेला आणि मधेच थांबला.

"हा तुमचा आहे," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. खोटं बोलायचं मी ठरवून गेलो होतो, पण ते जमलं नाही.

तिने गाडी टेबलावर ठेवली. ओरडली असती, त्या माहेरच्या बोलीत चार शिव्या घातल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते. ती फक्त म्हणाली, "बसा, पाणी आणते." ती आत गेली. काय करावं न सुचून मी इकडेतिकडे बघत राहिलो, आणि शेजारच्या फळीवर दादाचा चष्मा दिसला. एक काडी सुटलेली, तिथे त्याने पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारलेली. बारीकसा स्क्रू लागला असता, माझ्या टेबलाच्या खणात तसले दहा होते. माझा हात आपोआप गेला. मी चष्मा उचलून दोऱ्याची गाठ निरखत होतो, तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आली.

तिने पेला खाली ठेवला. माझ्या हातातून चष्मा काढून घेतला, न ओढता, अगदी सावकाश. कपाट उघडलं, दादाच्या शर्टांच्या घडीत तो ठेवला, दार लावलं, किल्ली फिरवली आणि किल्ली कमरेला खोचली. तिच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्या बारा वर्षांत माझ्यासमोर तिने कपाटाला कधी किल्ली लावली नव्हती.